तरवड: माळावरच्या पिवळ्या झुडपाची ओळख आणि वापर, नव्यानं शिकणाऱ्यांसाठी

शेळी बाभळीचा काटा चावते, बोरीची पानं ओरबाडते, भिंतीवरचा कागदसुद्धा सोडत नाही. तरवडाला मात्र तोंड लावत नाही. म्हणून सोलापूरच्या माळावर चैत्र-वैशाखात जेव्हा खायला म्हणून काही उरत नाही, तेव्हाही कंबरेएवढं हिरवं झुडूप जागोजाग उभं दिसतं. भुईतनं मुरूम वर आलेला, गवत करपून गेलेलं, आणि मधे हा हिरवा ठिपका. तोच तरवड.

जनावर खात नाही म्हणून गावात त्याला फारशी किंमत नाही. बांध साफ करायला जेसीबी आला की पहिला तोच जातो. माझं सांगणं एवढंच आहे की उपटण्याआधी त्याला एकदा नीट बघावं. हे झुडूप शेंगावर्गातलं, म्हणजे तूर, हरभरा, बाभूळ यांच्या कुळातलं आहे. या झुडपानं आपल्याकडची मोट, म्हणजे विहिरीतनं पाणी काढायची चामड्याची पखाल, टिकवली, नवरात्रातला घट सजवला, मुरगळलेले पाय बरे केले आणि दुष्काळात माती धरून ठेवली. सोलापुरात नवीन आला असाल, किंवा इथलेच असून माळाकडं कधी वळला नसाल, तर पुढं सांगतो त्या क्रमानं जा. आधी ओळख, मग तोडणी, मग वापर. हा क्रम उलटा करू नका.

पहिली पायरी: नाव तीन भाषांत शिका

सोलापुरात एका वस्तूला तीन नावं असतात आणि तिन्ही रोज कानावर पडतात. मराठीत तरवड. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या बाजूला कन्नड बोलणाऱ्याला विचारलंत तर तो तंगडी म्हणेल, कुणी आवरिके म्हणेल. शहराच्या पूर्वभागात, जिथं पिढ्यान्‌पिढ्या माग चालवणारी तेलुगू कुटुंबं राहतात, तिथं हाच तंगेडू. तेलंगणानं २०१४ साली वेगळं राज्य झाल्यावर तंगेडूला राज्याचं फूल केलं. आपल्याकडं बांधावर तुडवलं जाणारं फूल शेजारच्या राज्याची ओळख झालं, हे पूर्वभागातली अक्का किती अभिमानानं सांगते ते ऐकायला हवं.

तमिळमध्ये आवारम, गुजरातीत आवळ, राजस्थानात आंवल. संस्कृत निघंटूंमध्ये, म्हणजे औषधी वनस्पतींच्या जुन्या कोशांत, आवर्तकी हे नाव मिळतं आणि चर्मरंगा असंही, म्हणजे चामडं रंगवणारी. शास्त्रीय नाव सेन्ना ऑरिक्युलेटा. जुन्या पुस्तकांत कॅशिया ऑरिक्युलेटा सापडेल. ऑरिक्युलेटा म्हणजे कान असलेली. हे कान लक्षात ठेवा, तिसऱ्या पायरीला तेच कामाला येणार आहेत.

राजस्थानचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगतो. १४५३ साली मेवाडचा राणा कुंभा आणि मारवाडचा राव जोधा यांच्यात तह झाला आणि दोन राज्यांची हद्द झाडांवरून ठरली. जिथं आंवल उगवतो ते मेवाड, जिथं बाभूळ उगवते ते मारवाड. आंवल-बांवलचा तह म्हणूनच तो ओळखला जातो. वाळवंटाच्या कडेला राहणारी माणसं झुडपांकडं किती बारकाईनं बघत होती, हे त्यावरून कळतं. आपल्या माळावर तरवड आणि बाभूळ शेजारी शेजारी उभे असतात. हद्दीचं भांडण नाही.

दुसरी पायरी: कधी जायचं, कुठं जायचं

तुरळक फुलं वर्षभर दिसतात. पण झुडूप पिवळंधमक बघायचं असेल तर श्रावण संपताना निघा. भादव्यात आणि आश्विनात बहर ऐन भरात असतो, परतीचा पाऊस पडला तर तो दिवाळीपर्यंत लांबतो. सकाळी आठच्या आत पोचा. ऊन चढलं की पाकळ्या मलूल होतात.

शहरातून बाहेर पडणाऱ्या कुठल्याही रस्त्यावर तरवड भेटेल. तुळजापूरकडं जाताना, बार्शीच्या वाटेवर, मंगळवेढ्याच्या बाजूला, रेल्वेरुळांच्या कडेनं. काळ्या भारी जमिनीत तो कमी, मुरमाड हलक्या रानात जास्त. बघायला हे सगळं ठीक. तोडायला मात्र जागा निवडावी लागते आणि इथं नवखी माणसं हमखास चुकतात.

हमरस्त्याच्या कडेची फुलं खाण्यासाठी घेऊ नका, धूर आणि धूळ दोन्ही त्यावर बसलेली असतात. डाळिंबाच्या किंवा द्राक्षाच्या बागेच्या बांधावरचीही नकोत. आपल्या जिल्ह्यात सांगोल्यापासून पंढरपूरपर्यंत बागा आहेत, त्यांवर औषधाच्या फवारण्या होतात, आणि वारा ते फवारे बांधापर्यंत आणतोच. नान्नजच्या माळढोक अभयारण्यात तर काहीच तोडायचं नाही, एक पान नाही. १९७९ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य आहे, तिथं वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे, आणि गवताळ माळावर राहणाऱ्या पाखरांना तिथलं प्रत्येक झुडूप आडोशाला लागतं. उरलं काय, तर ओळखीच्या शेतकऱ्याचा कोरडवाहू बांध. मालकाला विचारा. "तरवडाची फुलं घेऊ का?" असं विचारल्यावर आजवर मला कुणी नाही म्हटलेलं नाही. उलट "सगळंच घेऊन जा की" असं उत्तर येतं. तसं करू नका.

तिसरी पायरी: झुडूप ओळखा, कानावरून

पिवळी फुलं बघून धावू नका. सोलापूरच्या रानात पिवळ्या फुलांची झुडपं ढीगभर आहेत. मी नव्या माणसाला फुलाकडं शेवटी बघायला लावतो.

आधी पानाचा देठ जिथं फांदीला चिकटतो तिथं बघा. तिथं दोन गोलसर हिरवी पानांसारखी उपपर्णं असतील, अगदी कानाच्या पाळीसारखी, फांदीला बिलगलेली. ती गळून पडत नाहीत. हेच तरवडाचे कान. हे दिसले नाहीत तर पुढं बघायची गरजच नाही, ते दुसरं झाड आहे.

मग पान. एका देठावर समोरासमोर पर्णिकांच्या, म्हणजे पानातल्या छोट्या पानांच्या, आठ ते बारा जोड्या, प्रत्येक पर्णिका अडीच सेंटिमीटरच्या आत, टोकाला बोथट. जोडीच्या मधोमध एक बारीक उभी गाठ दिसेल, डोळे बारीक करून बघा. पानांच्या टोकाला एकटी पर्णिका नसते, जोडीच असते. फूल पाच पाकळ्यांचं, मोठं, जवळजवळ पाच सेंटिमीटर रुंद, पाकळीला चुण्या आणि नारिंगीकडं झुकणाऱ्या शिरा. शेंग चपटी आणि कागदासारखी पातळ, आत बी कुठं आहे ते बाहेरून फुगवट्यानं कळतं. वाळली की वाऱ्यावर खुळखुळते.

आता चुकवणारी झाडं. सगळ्यात जपायचं ते कासविंद्यापासून, त्याला काही ठिकाणी रानटाकळा म्हणतात. त्याच्या पर्णिकांच्या तीन ते पाच जोड्या, टोकं अणकुचीदार, पान चुरगळलं की उग्र घाण वास येतो, आणि शेंगा अरुंद, वर तोंड करून उभ्या. त्याचं बी विषारी आहे. पश्चिम उत्तर प्रदेशात दरवर्षी हिवाळ्याच्या तोंडावर लहान मुलं अचानक आजारी पडून दगावायची. २००७ च्या सुमारास तिथल्या डॉक्टरांनी या आजाराचा संबंध खेळता खेळता खाल्लेल्या कासविंद्याच्या शेंगांशी जोडला. म्हणून मुलांना घेऊन माळावर जाणार असाल तर तरवडाच्या आधी कासविंदा दाखवा.

टाकळ्याला पर्णिकांच्या तीनच जोड्या, लांब वाकड्या शेंगा. अमेरिकेतून आलेलं सेन्ना युनिफ्लोरा नावाचं तण गेल्या काही वर्षांत रस्त्याकडेला दाट माजलंय, त्याची पानं लवदार आणि फुलं बारकी. बहावा झाड आहे, फुलांचे घोस खाली लोंबतात. पिवळी कण्हेर म्हणजे बिट्टी, तिचं फूल नरसाळ्यासारखं आणि फांदी मोडली की पांढरा चीक येतो. तिचा कुठलाही भाग पोटात गेला तर जिवावर बेततं. तरवडाला चीक नसतो. फांदी मोडून पाच सेकंद बघा.

चौथी पायरी: तोडण्याआधी भुंग्याला विचारा

हे मी गमतीनं म्हणत नाही. तरवडाच्या फुलात मध नसतो, असतो तो फक्त पराग, आणि तोही अशा पुंकेसरांत बंद की साधी धडक देऊन बाहेर पडत नाही. मोठा काळा भुंगा येतो, पुंकेसराला मिठी मारतो आणि पंख न हलवता अंग थरथरवतो. त्या कंपनानं पराग मिरपुडीच्या डबीतून पडावा तसा बाहेर सांडतो. त्याचा गूं असा आवाज तुम्हाला दोन हातांवरून ऐकू येईल. फुलात दहा पुंकेसर असतात, त्यातले वरचे तीन नुसते नावाला. काही भुंग्याचं पोट भरतात, आणि खालचे लांब पुंकेसर त्याच्या अंगाला पराग लावून पाठवतात. हा सगळा कारभार एकदा तरी शांत बसून बघा. सकाळचा पाऊण तास त्यासाठी सार्थकी लागतो.

मग तोडा. एका झुडपावरची एक तृतीयांशापेक्षा जास्त फुलं नको. पूर्ण उमललेली घ्या, कळ्या सोडा. पानांच्या खाली हिरव्या अळ्या दिसल्या तर ती फांदी सोडून द्या, त्या पिवळसर-पांढऱ्या भटक्या फुलपाखरांच्या अळ्या असतात आणि तरवडाच्या कुळावरच त्या वाढतात. फुलं कापडी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये तासाभरात घाम येऊन काळी पडतात.

पाचवी पायरी: घटाची माळ आणि बतुकम्मा

वापरातली सगळ्यात सोपी आणि सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे, म्हणून नवख्यानं इथून सुरुवात करावी.

आमच्या आजोळी घटस्थापनेला काळ्या मातीत धान्य पेरलं की घटावर रोज एक माळ चढायची, आणि तरवडाच्या माळेशिवाय नवरात्र झालं असं आज्जीला वाटायचं नाही. तुळजापूरच्या आईचं ठाणं जवळ, तेव्हा नवरात्र आमच्याकडं घराघरात असतं. माळ करायची ती सुई फुलाच्या देठातून नव्हे, देठाच्या वरच्या फुगीर भागातून घालून. नाहीतर संध्याकाळपर्यंत पाकळ्या खाली. दोऱ्याला आधी पाणी लावायचं.

त्याच दिवसांत पूर्वभागात बतुकम्मा असते, तेलुगू बायकांचा फुलांचा सण. सर्वपित्री अमावास्येला सुरू होते आणि दुर्गाष्टमीला सद्दुला बतुकम्मानं संपते. ताटात पानं अंथरून त्यावर फुलांचे गोल थर रचत निमुळतं शिखर करायचं. तंगेडूचा थर हवाच. त्याच्या जोडीला गुनुगु, म्हणजे आपल्या शेतात तण म्हणून वाढतो तो कुरडू, मग झेंडू, आणि मिळतील ती रंगीत फुलं. शिखरावर हळदीची गौरम्मा, म्हणजे गौरी. बायका भोवती फेर धरून टाळ्या वाजवत गातात आणि शेवटच्या दिवशी ती पाण्यात सोडतात. मूळ तेलंगणातला हा सण मागावर पोट भरायला आलेल्या माणसांबरोबर सोलापुरात आला आणि इथल्या माळावर त्याला लागणारं फूल आधीपासूनच उभं होतं.

थर रचायला शिकायचं असेल तर शेजारच्या अक्काला विचारा, ती नाही म्हणणार नाही. एक बारकावा ती सांगेलच: तंगेडूची फुलं सुटी लावत नाहीत, पाच-सहा फुलं दोऱ्यानं बांधून छोटे जुडगे करतात आणि देठं आतल्या बाजूला ठेवून गोल मांडतात. देठांमुळं मधला भाग पोकळ राहत नाही. मी पहिल्यांदा सुटी फुलं लावली होती, तिसऱ्या थराला सगळं एका बाजूला कललं.

सहावी पायरी: पोटात घ्यायचं ते मोजून

तमिळनाडूत तरवडाची फुलं डाळीत, भाजीत पडतात. श्रीलंकेत रणवरा नावाचा याच्या वाळलेल्या फुलांचा चहा घरोघरी पितात. आपल्याकडं ही चाल कमी, पण करून बघण्यासारखी आहे.

फुलं ताटात पसरून दहा मिनिटं ठेवा, किडे-मुंग्या निघून जातील. मग फक्त पाकळ्या खुडा, हिरवा भाग आणि पुंकेसर काढून टाका, त्यानं तुरटपणा फार वाढतो. पाकळ्या दोन पाण्यांनी धुवा. एक वाटी मुगाची डाळ मऊ शिजवा. तेलात मोहरी, जिरं, चार लसूण पाकळ्या ठेचून, हिरवी मिरची, कढीपत्ता, हळद. त्यावर दोन मुठी पाकळ्या टाकून मिनिटभर परता, डाळ घाला, मीठ घाला, दोन उकळ्या आल्या की उतरवा. चव किंचित तुरट, शेवग्याच्या फुलाच्या जवळची. ज्वारीच्या कडक भाकरीबरोबर आणि शेंगाचटणीबरोबर ती चांगली जुळते.

चहासाठी पाकळ्या सावलीत वाळवायच्या. उन्हात वाळवल्या तर रंग उडतो. आपल्याकडच्या कोरड्या हवेत चार-पाच दिवसांत त्या कुरकुरीत होतात. चुरगळल्यावर आवाज आला पाहिजे, लवचिक वाटल्या तर आणखी एक दिवस ठेवा, नाहीतर बरणीत बुरशी धरते. कपभर पाण्याला एक चमचा पाकळ्या, तीन-चार मिनिटं उकळी, गाळून गूळ आणि लिंबू. चहाची पूड घालायची नाही.

आता थांबून नीट वाचा. तरवडाचा चहा "साखरेवर रामबाण" म्हणून फिरवला जातो. आयुर्वेदात प्रमेहावर, म्हणजे मधुमेहासारख्या आजारांवर, त्याचा वापर जुना आहे आणि प्राण्यांवरच्या प्रयोगांत रक्तातली साखर उतरलेली दिसली आहे, हे खरं. पण त्यामुळंच मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यानं तो डॉक्टरांना न सांगता प्यायचा नाही, साखर खाली जाऊ शकते. गोळी बंद करून चहावर राहणं हा तर जिवाशी खेळ. फेफऱ्यावर कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी टाळावाच, कारण उंदरांवरच्या प्रयोगात या चहाबरोबर त्या औषधाचं रक्तातलं प्रमाण वाढलं होतं. आणि १९८१ साली श्रीलंकेतल्या संशोधकांनी या झुडपात पायरोलिझिडिन अल्कलॉइड्स नोंदवली, ही द्रव्यं यकृताला अपाय करतात. म्हणून यकृताचा आजार असलेले, गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलं यांना देऊ नये. बाकीच्यांनीही रोजचा नेम करू नये. आमच्या घरी बहराच्या दिवसांत कधीतरी एक कप होतो, आणि तेवढा पुरे. पान, शेंग, बी, साल यांचा काढा घरी करायचाच नाही. सेन्ना प्रजातीतल्या बऱ्याच झाडांची पानं-शेंगा रेचक असतात. जुने लोक डोळ्यात बियांची पूड घालायचे असं ऐकू येतं, तेही करू नका. डोळा एकच वेळ मिळतो.

सातवी पायरी: पाल्याची कामं

आज्जीचा मुरगळलेल्या पायावरचा उपाय मी अनेकदा अंगावर घेतलाय. तरवडाचा कोवळा पाला तव्यावर एरंडेलाच्या थेंबावर गरम करायचा, हाताला सोसेल इतका झाला की घोट्यावर थापून जुन्या धोतराच्या पट्टीनं बांधायचं, रात्रभर. सूज उतरायची. त्यात पाल्याचा वाटा किती आणि ऊब व बांधण्याचा किती, हे मी सांगू शकत नाही, पण आराम पडायचा हे नक्की. पाय टेकवतच नसेल किंवा हाड जागचं हललेलं दिसत असेल तर पाला गोळा करत बसू नका, दवाखान्यात जाऊन एक्स-रे काढून घ्या.

शेतात पाल्याचं काम जास्त मोठं आहे. जनावर खात नाही म्हणून तो शिल्लक राहतो, आणि शिल्लक राहतो म्हणून खताला मिळतो. मृगाच्या आधी बांधावरच्या तरवडाच्या कोवळ्या फांद्या छाटून सरीत पसरायच्या आणि मातीआड करायच्या, किंवा शेणखताच्या खड्ड्यात थरानं टाकायच्या. जाड काड्या बाजूला काढा, त्या लवकर कुजत नाहीत.

इथं एक समज दुरुस्त करतो. शेंगावर्गातलं झुडूप आहे म्हणजे मुळांवर गाठी येऊन हवेतला नत्र जमिनीत येणार, असं कृषी मेळाव्यातसुद्धा सांगितलं जातं. सेन्ना प्रजातीतल्या झाडांच्या मुळांवर सहसा अशा गाठी येत नाहीत. हरभऱ्याचं रोप उपटा आणि शेजारचं तरवडाचं छोटं रोप उपटा, फरक डोळ्यांना दिसेल. तरवडाच्या पाल्यातलं अन्न हे त्याच्या खोल मुळांनी मुरमातून वर आणलेलं असतं. ते पाल्यातून वरच्या थरात पडतं. तेवढं काम पुष्कळ आहे, त्याला दुसऱ्याचं श्रेय द्यायची गरज नाही.

लांब सरळ फोक मिळाले तर तेही फेकू नका. आमच्या जुन्या घरातली कणगी निरगुडी आणि तरवडाच्या फोकांची होती, वरून शेणामातीनं लिंपलेली. ओला फोक वळतो, वाळला की मोडतो, तेव्हा विणकाम तोडल्या दिवशीच करावं लागतं.

आठवी पायरी: साल, चामडं आणि रंग

तरवडाचं नाव जगात गेलं ते फुलामुळं नाही, सालीमुळं. वाळलेल्या सालीत साधारण १५ ते २० टक्के टॅनिन असतं. कातडीतल्या प्रथिनांना हे टॅनिन घट्ट चिकटतं, मग कातडं कुजत नाही, पाण्यात राहून फुगत नाही, आणि त्याचं चामडं होतं. मद्रास इलाख्यात आवारमच्या सालीवर कमावलेली चामडी इंग्रजांच्या काळात शिपच्या शिप भरून इंग्लंडला जायची. पुढं दक्षिण आफ्रिकेतून वॅटल नावाच्या झाडाची साल आली, मग क्रोमच्या क्षारांनी चामडं कमावणं आलं आणि तरवड मागं पडला.

आपल्याकडं हे काम ढोर समाजानं पिढ्यान्‌पिढ्या केलं. कातडं आधी पाण्यात, मग चुन्याच्या हौदात, मग केस खरडून स्वच्छ धुवायचं. त्यानंतर ते पिशवीसारखं शिवून टांगायचं, आत कुटलेली साल आणि पाणी भरायचं. पाणी कातड्यातून झिरपत खाली पडायचं, ते पुन्हा वर ओतायचं, दिवसेंदिवस. शेवटी हिरड्याचा हात. बाराव्या शतकात बसवेश्वरांच्या शरणांमध्ये, म्हणजे त्यांच्या वाटेवरच्या भक्तांमध्ये, ककय्या होते ते याच व्यवसायातले, आणि सोलापूर परिसरात त्यांना मानणारी माणसं आजही आहेत. विहिरीवरची मोट, बैलाचं सापतं, पायातली वहाण, सगळं या हातांतून गेलं. ज्या कामावर शेती उभी होती त्या कामाला आणि ते करणाऱ्यांना गावानं लांब ठेवलं, हे तरवडाची गोष्ट सांगताना वगळता येत नाही.

घरी चामडं कमावायला जाऊ नका, त्याला चुना, जागा आणि जाणता हात लागतो. सालीनं सुती कापड मात्र कुणालाही रंगवता येतं, आणि सोलापुरात सुती कापडाला तोटा नाही.

जिवंत झुडपाच्या खोडाची साल काढू नका. खोडाभोवती गोल साल निघाली की झुडूप मरतं. छाटलेल्या फांद्यांचीच घ्या. शंभर ग्रॅम कापडाला शंभर ग्रॅम वाळलेली साल, ठेचून रात्रभर पाण्यात. सकाळी मंद आचेवर तासभर, मग गाळून घ्या. कापड आधी साबणानं उकळून खळ पूर्ण काढलेली असावी, नवीन टॉवेलला हे न करता रंगात टाकलंत तर डाग डाग पडतात. ओलं कापड गाळलेल्या पाण्यात तासभर गरम ठेवून तिथंच निवू द्या. नंतर पंधरा ग्रॅम तुरटी कोमट पाण्यात विरघळवून त्यात अर्धा तास. बदामी ते फिकट तपकिरी रंग येतो. आता लोखंडाचं पाणी करून ठेवलं असेल, म्हणजे गंजके खिळे गुळाच्या पाण्यात दोन आठवडे भिजवून गाळलेलं, तर त्याचा एक चमचा बादलीभर पाण्यात टाका आणि कापडाचं एक टोक बुडवा. टॅनिन आणि लोखंड भेटलं की बघता बघता राखाडी, मग काळपट. जास्त लोखंड कापड कुजवतं, तेव्हा हात आवरा. भांडं स्टीलचं वापरा आणि ते पुन्हा स्वयंपाकात आणू नका.

नववी पायरी: चार रोपं लावा

मार्गशीर्षाच्या पुढं शेंगा तपकिरी होऊन वाळतात तेव्हा बी गोळा करा. कवच टणक असतं, नुसतं पेरलं तर महिनोन्‌महिने तसंच पडून राहतं. बी पॉलिश कागदावर एका बाजूनं हलकं घासा, किंवा उकळून खाली उतरवलेल्या पाण्यात टाकून ते निवेपर्यंत ठेवा, आणि रात्रभर भिजवा. सकाळी जी फुगली ती पेरा, न फुगलेल्यांना पुन्हा गरम पाणी. पिशवीत निम्मा मुरूम, निम्मी माती. शेणखत नको, नुसती पानं माजतात. पिशवीतच फार दिवस ठेवू नका, सोटमूळ तळाशी वळलं की रोप जमिनीत जोर धरत नाही. दोन पाऊस चांगले झाले की बांधावर दोन हातांवर एक लावून टाका.

पहिला उन्हाळा तेवढा आठवड्याला तांब्याभर पाणी घाला. दुसऱ्या पावसाळ्यानंतर फूल येतं. कुंपण घालायचं नाही, शेळी येऊन हुंगून जाईल. आणि जागा रस्त्याच्या बाजूची निवडा, कारण सर्वपित्रीच्या आदल्या संध्याकाळी परडी घेऊन कुणीतरी अक्का विचारत येणार, तिला काट्याकुट्यातनं आत यायला लागू नये.